प्रयागकाकूचा फेरा

“काय काकू, चांगलंच फिरवलं तुमी आमाला!” नागनाथमामा ओट्यावर टेकला आणि त्यानं कण्हत पाय लांब केले. “बिर्ला मंदिराच्या पायऱ्या समोर दिसायलेत, लोकं भराभरा वर जायलेत, अन् आमी लेकरं काखेत मारून गाडीरस्त्यानं फेरा घालायलोय! कामून? तर काकूनं सांगितलंय. बायको रस्ताभर माझा उद्धार करत होती.”

प्रयागकाकूनं सुपातल्या तुरीवरून नजरसुद्धा उचलली नाही. “मग? पोचलास न्हवं? मधी निंबाखालचा कट्टा लागला का?”

“लागला की. त्याच्यावर बसतंय कोण? आमी काय म्हातारे झालाव?”

मी शेजारीच शेंगा फोडत बसले होते. मला हसू आवरेना. नागनाथमामाचं गावात सायकलचं दुकान होतं. बायको-लेकरांना घेऊन तो पहिल्यांदाच हैदराबाद बघून आला होता, आणि जाण्याआधी रिवाजाप्रमाणे प्रयागकाकूला विचारून गेला होता.

रिवाजच होता तो. आमचं गाव उदगीरच्या पुढं, अगदी हद्दीवर. मुंबई आम्ही रेडिओवर ऐकायची. शहर म्हणजे हैदराबाद. दवाखाना तिथं, लग्नाच्या बांगड्या तिथल्या. त्यामुळं कुणी पहिल्यांदा निघालं की संध्याकाळी काकूच्या ओट्यावर हजर. काकूचा नवरा, म्हणजे माझे चुलतकाका व्यंकटराव, जन्मभर तिथं एका बेकरीत भट्टीवर होते. पाडव्याला आणि दसऱ्याला तेवढे गावी यायचे. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण काकूच्या तोंडून हैदराबाद काही गेलं नव्हतं. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरव. लाडबाजारात पहिल्याच दुकानात बांगड्या घेऊ नको, नुसता भाव इचार अन् पुढं हो. सालारजंग म्युझियमात ठोके पडायच्या लई आधी घड्याळापुढं जाऊन बस. चारमिनारवर चढायच्या भानगडीत पडू नको, गल्लीच्या तोंडाला इराण्याचं हाटेल हाय, त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावरनं अख्खा चारमिनार दिसतो.

सांगायची तिची हातोटी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण जाऊनच आलो. फक्त एक होतं. तिच्या सांगण्यानं गेलेला माणूस हमखास कावलेला परत यायचा. कुठं लांबून फेरा पडायचा, कुठं उगाच ताटकळत बसावं लागायचं. गावात त्याचं एक बोलणंच पडून गेलं होतं. कुणी लग्नाची बोलणी लांबवली तरी लोक म्हणायचे, प्रयागकाकूचा फेरा घालायलाय.

काकूला त्याचं काही वाटायचं नाही. उठायची, लुगडं सावरायची आणि आत जायची. तिचा डावा पाय लहानपणापासून वाकडा. गुडघ्यावर हात रेटून ती एकेक पाऊल उचलायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तिचा पाय आमच्या डोळ्यांना दिसतच नव्हता.

त्याच वर्षी मला रेल्वेच्या परीक्षेचं बोलावणं आलं. केंद्र सिकंदराबादला. अण्णांना शेतातून हलता येईना, आणि मला एकटीला पाठवायला आई तयार होईना.

“प्रयागवहिनी असताना भ्यायचं काय?” अण्णा म्हणाले. “तिला घेऊन जा. तिला तिथली गल्ली न् गल्ली ठाऊक हाय.”

मला वाटलं होतं काकू पायाचं कारण सांगेल. पण ती एवढंच म्हणाली, “जाते की.”

उदगीरहून पहाटेची गाडी. बीदर मागं पडलं, काकूनं फडक्यातली भाकरी सोडली, मला दिली, आणि स्वतः न खाताच बसून राहिली.

“नंदे, एक बोलू? गावात कुणाजवळ बोलायची न्हाईस.”

“बोल की.”

“म्या हैदराबाद पायलंच न्हाई.”

मी हसले. मला थट्टाच वाटली. तिचं तोंड बघितलं आणि माझा घास तोंडातच राहिला.

“अगं काकू, काय बोलतीस! अख्ख्या गावाला तू—”

“हे सांगायचे, म्या ऐकायची. पाडव्याला, दसऱ्याला. त्यांच्यामागं तेच सांगत आले.”

“मग आधी बोलायचं नाही का गं! आता तिथं उतरल्यावर आपण दोघींनी काय करायचं?” परीक्षा राहिली बाजूला, मला आता ते एवढं मोठं शहर दिसायला लागलं आणि त्यात आम्ही दोघी, एक येडी आणि एक लंगडी.

“कधी कुणी इचारलंय मला? नवरा तिथं म्हणल्यावर बायको गेलीच असंल, असं समद्यांनी धरूनच चाललं. अन् न्हाई गेले म्हणलं असतं, तर लोकांनी आधी कुठं बघितलं असतं? माझ्या पायाकडं.”

मग खिडकीकडं तोंड करून ती पुढं बोलायला लागली.

“मला बसवून दाखवलं व्हतं, नंदे. पाव्हणे यायच्या आधीच बापानं मला पाटावर बसवलं, पायावर लुगडं पसरलं. चहा बी थोरल्या बहिणीनं नेला. तवाच्या रीतीनं मुलाचा मामा म्हणायचा, पोरी, जरा चालून दाखव. तर माझ्या बापानं त्या मामाला बैलाच्या गप्पांत असं गुंतवलं, का मामा निघायच्या टायमाला बी बैलाबद्दलच बोलत व्हता.”

“अगं बाई! मग काकांना कधी कळलं?”

“सप्तपदीला. तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवताना.”

“काय म्हणाले?”

“काय बी न्हाई. त्या दिवशी न्हाई, मरेस्तवर न्हाई. एकडाव बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.” तिनं डोळ्याला पदर लावला. “हैदराबाद दाखवा म्हणलं की म्हणायचे, थांब, अजून बघून व्हायचंय. जन्म गेला तिथं अन् म्हणं बघून व्हायचंय! म्या काय खुळी हाय? फसवून गळ्यात बांधलेली बायको मोठ्या शहरात कोण मिरवंल? लाज वाटत आसंल त्यांला.”

“मग आता तरी कशाला चाललीस?”

“बघायचंय. मला न्यायची लाज वाटावी असं ते शहर हाय तरी केवढं, एकडाव बघायचंय.”

परीक्षेचं सांगून टाकते: नापास झाले. गणितं बघूनच डोळे पांढरे झाले होते. बाहेर आले तर काकू दारवानाजवळ त्याच्याच स्टुलावर बसलेली, आणि दारवान उभा.

“झाली का? चल आता,” ती म्हणाली. “उद्या आधी सालारजंग.”

काचीगुड्याच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी आवरलं आणि निघालो. काकूनं रिक्षावाल्याशी आधी भाडं ठरवलं, अगदी ओट्यावर सांगायची तसं. तो म्हणाला, “अम्मा, तुम तो यहींच के लगरे.” काकू एवढी खुलली की तिनं त्याला पानसुद्धा दिलं.

म्युझियमात आम्ही घड्याळापुढं जाऊन बसलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. मी कंटाळले. आत एवढं बघायचं पडलंय, आणि आम्ही एका बंद खिडकीसारख्या घड्याळाकडं तोंड करून बसलोय! नागनाथमामाला हसत होते, आता माझ्यावरच तो फेरा आला. पण हळूहळू माणसं जमायला लागली. बसायच्या जागा भरल्या, मागं लोक उभे राहिले, त्यांच्या मागं आणखी उभे राहिले. काकू सगळ्यांत पुढं, पाय पसरून निवांत. घड्याळाच्या आतून बाहुल्याएवढा इवलासा माणूस बाहेर आला, त्यानं ठोके दिले आणि आत गेला, तशी काकू टाळ्या पिटून लहान पोरासारखी हसली.

“अगदी सांगितलं तसंच हाय गं! तसाच येतो अन् तसाच जातो मेला!”

चारमिनारपाशी ते हॉटेल सापडेल असं मला वाटलं नव्हतं. सापडलं. पाटी नवी होती, पण गल्लीच्या तोंडाला तेच एक इराणी हॉटेल होतं. मी भराभर आत गेले आणि मागं वळून काकूला हात द्यायला थांबले. तिला हात लागलाच नाही. रस्ता आणि फरशी सारख्याच उंचीला. ती चालत आत आली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. तिथून चारमिनार असा दिसत होता की जणू आमच्यासाठीच आणून ठेवलाय.

चहाबरोबर बिस्किटं आली. काकूनं एक उचललं, वास घेतला, आणि बराच वेळ ते हातातच धरून बसली. “असलीच करायचे,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बिर्ला मंदिर. पायऱ्या समोर दिसत होत्या. मी काही न बोलता गाडीरस्ता धरला. चढ होता, पण पायरी एकही नव्हती. काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. दिवसभराचा शीण, एकाएकी तिचा हात जड झाला.

“थांब गं माय. आता न्हाई हुत.”

मी तिला सावरलं आणि आजूबाजूला पाहिलं. पुढं वळणावर निंबाचं झाड होतं आणि त्याखाली कट्टा. काकूला मी तिथवर नेलं, बसवलं. ती पाय चोळायला लागली. मी मात्र त्या कट्ट्याकडं बघत राहिले. तिचा पाय थकायला आणि कट्टा यायला एकच गाठ कशी पडली, ते माझ्या मनात घोळायला लागलं. पण तिला काही बोलले नाही. आपल्याला काय वाटायचं ते वाटो, तिच्या जखमेवर उगाच बोट ठेवायला नको, असा विचार केला.

तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा. दुपारची परतीची गाडी होती, म्हणून ऊन व्हायच्या आत गेलो. आत शिरल्याबरोबर मोठी घुमटाची कमान, आणि पुढं किल्ला वर वर चढत गेलेला. वरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

“हितलं काय सांगितलंय काकांनी?” मी विचारलं.

“हितलं सोपं हाय. दोघं गेले तर एकानं वर जायचं अन् एकानं हितं, ह्या कमानीखाली थांबायचं. खालच्यानं टाळी वाजवायची. ती पार वरच्या टोकाला ऐकू येती. राजाच्या काळापासून हाय म्हणं तसं.” काकूचा ओट्यावरचा सूर लागला होता. “नागनाथला बी सांगितलं व्हतं. तर गडी, बायको, लेकरं, समदे वर! खाली कुणी थांबलंच न्हाई. अन् मलाच म्हणतोय, काकू, ही कसली सांगायची तऱ्हा? धड दोन पाय असल्यावर, किल्ला बघाया आलेला माणूस खाली कामून थां—”

आणि काकू बोलता बोलता थांबली.

तिनं वरच्या पायऱ्यांकडं पाहिलं. मग खाली, आपल्या पायाकडं. लोक आमच्या अंगावरून जात होते, पोरं टाळ्या वाजवून बघत होती, तिला कशाची शुद्ध नव्हती.

“नंदे,” ती हळू म्हणाली, “त्या घड्याळापुढं लई आधी जाऊन कामून बसायचं गं?”

“नंतर जागा मिळत नाही. उभं राहावं लागतं.”

“अन् उभं ऱ्हायला कुणाला जमत न्हाई?”

मी तिचा हात धरला.

“बिनपायरीचं हाटेल. बिनपायरीची वाट. दम लागंल तिथं कट्टा.” एकेक शब्द ती चाचपून बघत होती. “नागनाथला काय करायचाय कट्टा? कुणालाच नको व्हता तो. समदे मला हसायचे, अन् म्या बी कधी इचार केला न्हाई, का माझा धडधाकट नवरा दम खायाला कट्टा कामून हुडकतोय म्हणून!”

“काकू, बस इथं जरा.”

“वर काय हाय गं, नंदे? वरनं काय दिसतं?”

“मला काय माहीत? मी पण पहिल्यांदाच बघतेय.”

“मला बी ठाऊक न्हाई. एवढं बोलले, रात रात बोलले, पण किल्ल्याच्या वर काय हाय, चारमिनारच्या वर काय हाय, त्यातलं अक्षर बोलले न्हाईत. मला जाता येणार न्हाई तिथलं त्यांनी कधी सांगितलंच न्हाई.” आणि मग तिचा बांध फुटला. “अजून बघून व्हायचंय म्हणायचे गं! बघत व्हते ते. माझा पाय घेऊन हिंडत व्हते ह्या गावात. सुट्टीच्या दिवशी, भट्टीवरनं थकून आलेला माणूस. अन् म्या त्यांला मेल्यावर बी शिव्या देत बसले!”

ती मोठ्यानं रडत होती. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एका गाइडनं पाणी आणून दिलं, “क्या हुआ अम्मा?” म्हणून विचारलं. मी ते पाणी काकूजवळ ठेवलं. आम्ही कमानीच्या कडेला दगडावर टेकलो. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, पाणी प्यायली आणि मला कोपरानं ढकललं.

“जा.”

“कुठं?”

“वर. म्या टाळी वाजवते. कुणी ऐकाया नको का?”

“तुला अशी सोडून?”

“अशीच सोडायची हाय. तसंच सांगितलंय त्यांनी. जा लवकर, गाडी चुकंल.”

मी निघाले. चढ मरणाचा होता. पायऱ्या ओबडधोबड, ऊन तापायला लागलेलं. मधे मधे मागं वळून बघत होते. कमान लहान लहान होत गेली आणि काकू दिसेनाशी झाली. वरच्या सज्जात पोचले तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. तिथं एक कुटुंब आधीच उभं होतं. वारा कानाशी घोंघावत होता. मला वाटलं, काही ऐकू येणार नाही. एवढ्या लांबून कसं येईल?

मग आली. खालून येत होत्या टाळ्या, कुणाकुणाच्या, एखाददुसरी वाजून थांबणाऱ्या. मी कान देऊन राहिले. आणि त्यांच्यात एक वेगळी उठली. भजनात वाजवतात तशी, ठेका धरून, न थांबता. आमच्या मारुतीच्या देवळात गुरुवारी काकू अशीच वाजवायची, डोळे मिटून. बाकीच्या टाळ्या थांबल्या तरी ती थांबेना.

“कौन बजारा इत्ता?” त्या कुटुंबातली बाई हसून म्हणाली.

“मेरी काकू,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. ती बाई बिचारी घाबरलीच.

मी खाली आले तेव्हाही काकू वाजवतच होती. तळवे लालबुंद झाले होते. मला बघून थांबली.

“आली का ऐकू?”

“आली.”

“नीट आली?”

“शेजारी बसून वाजवल्यासारखी. देवळातली असते ना, अगदी तशीच.”

ती मान हलवत राहिली. तिच्या तोंडावरचं ते समाधान मी नंतर कधी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. मी उत्साहानं सांगायला लागले, वरून सगळं शहर दिसतं, तळी दिसतात, लांब घुमट दिसतात. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे. माझं हैदराबाद बघून झालं.”

गावात आम्ही दोघींनीही काही सांगितलं नाही. मी नापास झाले एवढीच बातमी फिरली, ती मात्र झपाट्यानं फिरली. मग पोळा झाल्यावर नागनाथमामाचा मेहुणा नवी नवरी घेऊन हैदराबादला निघाला, आणि मामाच त्याला काकूच्या ओट्यावर घेऊन आला. मी तिथं होतेच. मामानं मला डोळा घातला. आता गंमत ऐक, असं त्याला म्हणायचं होतं.

काकूनं सगळं सांगितलं. रिक्षाचं भाडं, बांगड्यांचा भाव, इराण्याचा चहा. मग देवळापाशी आली आणि म्हणाली, “पायऱ्यांनी जा. सरळ समोर हायेत.”

मामानं तिला मधेच तोडलं. “अन् गाडीरस्ता? निंबाखालचा कट्टा?”

“तुमाला कशाला पायजे कट्टा? धड पाय हायेत तुमाला. चारमिनारवर चढा, किल्ल्यावर चढा, वर जाऊन बघा काय हाय ते.”

“अवं काकू, मग मला कामून फिरवलं त्या वाटेनं? एवढी वर्षं समद्या गावाला कामून फिरवलं?”

“चुकलं माझं,” काकू म्हणाली. तिनं गुडघ्यावर हात रेटला, उठली आणि सूप काखेत धरलं. “ती वाट तुमच्यासाठी न्हवती. माझी व्हती.”